गरुड कोणता, घार कोणती? शिकारी पक्ष्यांची ओळख आणि नावांचा गुंता

पापनाशम (जि. तंजावर, तमिळनाडू) : कावेरीच्या खोऱ्यात तांबूस पाठीचा आणि पांढऱ्या डोक्याचा पक्षी देवळाच्या गोपुरावर घिरट्या घालू लागला की, खाली उभे असलेले भाविक हात जोडतात. त्यांच्या लेखी तो ‘करुडन’, म्हणजे विष्णूचे वाहन असलेला गरुड होय. तमिळ पक्षिनिरीक्षकांच्या यादीत त्याचे नाव ‘सेंबरुंदु’, म्हणजे तांबडी घार, असे आहे. मराठी पुस्तकांत तो ‘ब्राह्मणी घार’ म्हणून येतो, हिंदीत ‘खेमकरी’ म्हणून, तर ऑस्ट्रेलियात त्याला पूर्वी ‘तांबड्या पाठीचा समुद्री गरुड’ असेही म्हणत. पक्षी एकच असला तरी एका नावाने तो गरुड ठरतो आणि दुसऱ्याने घार.

शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत हा घोळ अपवादात्मक नाही. घार, गरुड, ससाणा, बाज, शिक्रा आणि गिधाड हे शब्द मराठीत रोजच्या वापरातले आहेत. परंतु त्यांतील नेमका कोणता शब्द कोणत्या पक्ष्यासाठी वापरावा, याविषयी बोलीभाषा, पाठ्यपुस्तके, बातम्या आणि धार्मिक परंपरा यांच्यात एकवाक्यता नाही. नावानुसार लोकांचा त्या पक्ष्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. ‘गरुड’ म्हटले की नमस्कार होतो आणि ‘गिधाड’ म्हटले की नाक मुरडले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ शब्दकोशापुरता राहत नाही.

भातशेतीचे आकाश

पापनाशम हे तंजावर–कुंभकोणम मार्गावरील तालुक्याचे गाव. या नावाचे आणखी एक प्रसिद्ध गाव तमिळनाडूतच, तिरुनेलवेली जिल्ह्यात, ताम्रपर्णी नदीकाठी पश्चिम घाटाच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे ‘पापनाशमला दिसलेला गरुड’ अशी नोंद जिल्ह्याच्या उल्लेखाविना अपुरी ठरते. भाताच्या सपाट खाचरांवरील पक्षी आणि घाटाच्या जंगलातील पक्षी यांत मोठा फरक असतो. गावाच्या नावाला जिल्ह्याची जोड लागते, तशीच पक्ष्याच्या प्रचलित नावालाही एखाद्या नेमक्या खुणेची जोड लागते.

तंजावरचे पापनाशम हे त्रिभुज प्रदेशातील भाताच्या पट्ट्यात वसले आहे. येथील नायककालीन धान्यकोठार आजही पाहायला मिळते. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे शिकारी पक्षी, हा क्रम सर्वत्र सारखाच आहे. खाचरांतील बेडूक, खेकडे, मासे, नाकतोडे आणि साप यांवरही हे पक्षी जगतात. कालव्यांच्या काठी ब्राह्मणी घार, वस्तीजवळ काळी घार, तारांवर बसलेली कापशी, झाडीत दडलेला शिक्रा आणि हिवाळ्यात सांबा हंगामाच्या भातावरून संथपणे उडणारे भोवत्या पक्षी असा या आकाशाचा साधारण पट असतो. महाराष्ट्रातील कोकण किनारा आणि विदर्भातील धानपट्टा येथील वाचकांना यांतील बहुतेक पक्षी परिचित आहेत. केवळ त्यांची नावे बदलतात.

तमिळमध्ये ‘परुंदु’ हा शब्द स्थूलमानाने घारींसाठी वापरला जातो. मात्र त्याची व्याप्ती त्याहून मोठी आहे. दलदलीवर उडणाऱ्या भोवत्यांना तमिळमध्ये ‘पूनै परुंदु’, म्हणजे मांजर-घार, म्हणतात. त्यांच्या चपट्या, घुबडासारख्या चेहऱ्याकडे पाहिले की हे नाव पटते. मराठीत यांतीलच एका पक्ष्याला काही ठिकाणी ‘दलदल ससाणा’ म्हटले जाते. वास्तविक तो घारही नव्हे आणि ससाणाही नव्हे.

पुदुच्चेरीचा ‘गरुड’

ब्राह्मणी घारीच्या नावाचा इतिहास याच किनाऱ्याशी जोडलेला आहे. फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ ब्रिसाँ यांनी 1760 मध्ये पुदुच्चेरीहून आलेल्या नमुन्यावरून या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘पुदुच्चेरीचा गरुड’ असे नाव दिले. पुढे 1783 मध्ये डच शास्त्रज्ञ बोडार्ट यांनी त्याला द्विनाम पद्धतीचे शास्त्रीय नाव दिले. आज तो ‘हॅलियास्टर इंडस’ म्हणून ओळखला जातो. काळ्या घारीचे ‘मिल्व्हस मायग्रन्स’ या नावातील जातिनामही बोडार्ट यांनी त्याच वर्षी दिले.

इंग्रजांच्या काळात या दोन घारींच्या नावांत जातिव्यवस्था शिरली. तांबूस-पांढरी, देखणी आणि पूजनीय मानली जाणारी घार ‘ब्राह्मिनी’ ठरली. गावातील उकिरड्यावर आणि बाजारात वावरणारी तपकिरी घार मात्र ‘परीया काइट’ झाली. हा शब्द तमिळनाडूतील परैयर समाजाच्या नावावरून इंग्रजीत हीनार्थाने रूढ झालेला होता. दुसरे नाव आता मागे पडले असून ‘काळी घार’ हे नाव प्रचलित आहे. पहिले मात्र अजून टिकून आहे. प्रत्यक्षात दोन्ही पक्षी मेलेले मासे आणि टाकाऊ मांस खातात. ब्राह्मणी घार इतर पक्ष्यांच्या तोंडचा घासही हिसकावते. पक्ष्यांच्या नावांत कित्येकदा त्यांच्या सवयींपेक्षा नाव देणाऱ्यांचा समाज अधिक दिसतो.

काळ्या घारीच्या भारतीय उपजातीचे ‘गोविंदा’ हे नाव महाराष्ट्राशी संबंधित आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांची सूची 1832 मध्ये प्रसिद्ध केली, त्यात हे नाव आले. विष्णूचे वाहन मानला जाणारा पक्षी ‘इंडस’ झाला, तर उकिरड्यावरची घार ‘गोविंदा’ झाली.

धार्मिक परंपरेतील गरुड हा कोणता पक्षी, याचे एकच उत्तर नाही. दक्षिण भारतात बहुधा ब्राह्मणी घारीलाच गरुड मानतात. मंदिराच्या कुंभाभिषेकाच्या वेळी तिने वरून घिरट्या घालणे शुभ समजले जाते. कुंभकोणमजवळील नाच्चियारकोविल येथील दगडी गरुडाची मूर्ती प्रसिद्ध आहे. पक्षिशास्त्रात मात्र ‘गरुड’ या शब्दाखाली सर्पगरुड, ठिपक्यांचा गरुड आणि नेपाळी गरुड असे अनेक मोठे पक्षी येतात. ब्राह्मणी घार त्यांत मोडत नाही. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता हिचे प्रतीक असलेला पक्षीही हीच घार आहे.

जटायू: गरुड की गिधाड?

नावाने झालेला सर्वांत मोठा अन्याय गिधाडांच्या वाट्याला आला आहे. रामायणातील जटायू हा गृध्रराज, म्हणजे गिधाडांचा राजा. तरीही चित्रांत आणि मालिकांत तो बहुधा पिसारलेल्या डोक्याचा, बाकदार चोचीचा गरुड दाखवला जातो. सीतेसाठी प्राण वेचणारा पक्षी गिधाड असावा, हे लोकांच्या मनाला रुचत नसावे.

कावेरीच्या खोऱ्यात जटायूची स्मृती ठिकठिकाणी आढळते. वैत्तीश्वरन कोविल येथे जटायूकुंड आहे. कुंभकोणमजवळील तिरुप्पुळ्ळभूतंगुडी हे 108 दिव्यदेशांपैकी एक क्षेत्र रामाने जटायूचे अंत्यसंस्कार केल्याच्या कथेशी जोडलेले आहे. गावाच्या नावातील ‘पुळ्’ या तमिळ शब्दाचा अर्थ पक्षी. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील टाकेदलाही जटायूची अशीच कथा सांगितली जाते.

तमिळमध्ये गुंता आणखी वाढतो, कारण ‘कळुगु’ हा शब्द गरुड आणि गिधाड या दोघांसाठीही वापरला जातो. चेंगलपट्टू जिल्ह्यातील तिरुकळुकुंड्रम, म्हणजे पवित्र कळुगूंची टेकडी, हे क्षेत्र ‘पक्षीतीर्थ’ म्हणून देशभर प्रसिद्ध होते. तेथे दुपारी दोन पक्षी येत आणि पुजाऱ्याच्या हातचा प्रसाद खात. अनेक यात्रेकरू त्यांना गरुड समजत. प्रत्यक्षात ती पांढरी गिधाडे होती. गेल्या शतकाच्या अखेरीपासून ती तेथे दिसेनाशी झाली. पांढरे गिधाड आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींत गणले जाते. तमिळ अभ्यासक आता गिधाडांसाठी ‘पारु’ हा जुना, स्वतंत्र शब्द पुन्हा रूढ करण्याचा प्रयत्न करीत आहेत.

या शब्दभेदाला तातडीचे महत्त्व आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश असलेले मृत जनावर खाल्ल्यास गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली; 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी घालण्यात आली. हा धोका प्रामुख्याने गिधाडांचा आहे. शेतकऱ्यापर्यंत ‘कळुगु वाचवा’ असा संदेश गेला आणि त्याने त्याचा अर्थ गरुड असा घेतला, तर गोठ्यातील औषधाशी त्याचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांना जोडणारे एक उदाहरण 2024 मधील आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून त्या वर्षी ऑगस्टमध्ये मागोवायंत्र बसवून सोडलेले एक गिधाड सुमारे 4,000 किलोमीटरचा प्रवास करून नोव्हेंबरमध्ये तंजावरला लागून असलेल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात पोहोचले. मराठीत गिधाड म्हणून निघालेला पक्षी तेथे कळुगु झाला. त्याची ओळख निश्चित होऊ शकली ती पाठीवरच्या यंत्रामुळे. बहुसंख्य पक्ष्यांच्या पाठीवर असे यंत्र नसते.

दरबारी शब्दांचा वारसा

बाज, बहिरी, शिक्रा, लग्गड आणि तुरुमती हे शब्द शिकारखान्यांतून आले. शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करविण्याची कला भारतात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोदाचे प्रकरण आहे. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ तर संपूर्णपणे याच विषयावर आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल 1798–1832) यांच्या पदरी असलेल्या चित्रकारांनीही पशुपक्ष्यांची चित्रे काढली.

शिकाऱ्यांच्या दृष्टीने मादी आणि नर हे दोन वेगळे पक्षी होते, कारण बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी आकाराने मोठी आणि शिकारीस अधिक उपयुक्त असते. त्यामुळे त्यांना स्वतंत्र नावे मिळाली. एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्रज्ञ जर्डन यांनी ही जोडनावे नोंदवली आहेत: शिक्रा मादी आणि चिपक नर, लग्गर मादी आणि झग्गर नर, तुरुमती मादी आणि चेटवा नर. पुढे ही परंपरा खंडित झाली आणि एका जातीची दोन नावे दोन जातींची भासू लागली.

शास्त्रीय नावेही या घोळापासून मुक्त नाहीत. लग्गड ससाण्याचे इंग्रजी नाव मादीवरून पडले, तर त्याचे ‘जगर’ हे शास्त्रीय जातिनाम नरावरून. लाल डोक्याच्या ससाण्याच्या शास्त्रीय नावातील ‘चिकेरा’ हा शब्द ‘शिकरा’चेच रूप आहे; म्हणजे शिक्र्याचे नाव एका ससाण्याला चिकटले. तुरेवाल्या सर्पगरुडाचे शास्त्रीय नाव ‘चीला’, म्हणजे हिंदीतील चील, अर्थात घार. पंजाबचा राज्यपक्षी ‘बाज’ हा गोशॉक या इंग्रजी नावाचा पक्षी आहे. बातम्यांत मात्र त्याचा उल्लेख कित्येकदा ससाणा असा होतो. नौदलानेही आपल्या हवाई तळांना हीच नावे दिली आहेत: कोचीचा ‘गरुड’, मुंबईचा ‘शिक्रा’, अरक्कोणमचा ‘राजाली’ आणि ग्रेट निकोबारचा ‘बाज’.

या शतकातील जनुकीय अभ्यासाने एक मूलभूत समजही बदलला. ससाणे आणि घारी-गरुड हे जवळचे नातलग आहेत, असे पूर्वी मानले जाई. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासातून ससाण्यांचे नाते पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांशी अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. आता ससाण्यांचा गण स्वतंत्र आहे. शास्त्रीय नावेही स्थिर नसतात. शिक्र्याची प्रजाती 2024 मध्ये ‘ॲक्सिपिटर’वरून ‘टॅकिस्पायझा’ अशी बदलण्यात आली. मात्र असा बदल जाहीर नोंदीसह होतो आणि जुन्या नावाचा माग लागतो. प्रचलित नावांच्या बाबतीत तसे होत नाही.

ओळखीच्या खुणा

शिकारी पक्ष्याचा रंग अनेकदा फसवा असतो. वय, लिंग आणि प्रकाश यांनुसार तो बदलतो. म्हणून शेपटीचा आकार, पंखांची ठेवण आणि उडण्याची पद्धत प्रथम पाहावी, असा अनुभवी निरीक्षकांचा प्रघात आहे.

काळी घार: लांबी सुमारे 60 सेंटिमीटर. शेपटीला मध्ये खाच असते आणि उडताना पक्षी ती सुकाणूसारखी वळवतो. शेपटी पूर्ण पसरल्यावर खाच दिसेनाशी होते. म्हणून काही क्षण थांबून पाहावे.

ब्राह्मणी घार: काळ्या घारीपेक्षा लहान, लांबी 45 ते 51 सेंटिमीटर. डोके व छाती पांढरी, बाकी अंग तांबूस, पंखांची टोके काळी. शेपटी गोलाकार. पिल्लू वयात आल्यावरही काही काळ तपकिरीच असते आणि काळी घार म्हणून नोंदले जाते. त्या वेळी गोल शेपटी ही निर्णायक खूण ठरते.

कापशी: कावळ्याहून लहान, राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि मग पाय खाली सोडून उतरते. उंदरांची मोठी शिकारी.

खरुची: हाही हवेत एका जागी थांबणारा पक्षी, पण हा ससाणा आहे. पंख टोकदार, पाठ विटकरी, शेपटी लांब. भारताच्या बहुतेक भागांत हिवाळी पाहुणा.

भोवत्या: लांब पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर धरून शेतावरून खालून संथ उडतात. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी असून तिचे डोके फिकट असते, त्यामुळे ती दुरून ब्राह्मणी घारीसारखी भासते. पंखांची ठेवण पाहिली की शंका मिटते. हे पक्षी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

शिक्रा: सुमारे 26 ते 30 सेंटिमीटर. पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब व पट्टेरी. काही जलद फडफडी आणि मग तरंगणे, अशी त्याची चाल असते. पावशा हा कोकिळेच्या कुळातील पक्षी रंगाने आणि उडण्याने शिक्र्यासारखाच दिसतो व इतर लहान पक्षीही त्याला फसतात. चोच पाहावी: शिक्र्याची आकड्यासारखी, पावशाची साधी.

बहिरी ससाणा: भरदार छाती, टोकदार पंख, डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा. ससाण्यांच्या वरच्या चोचीला दातासारखा उंचवटा असतो आणि ते मानेवर चावा घेऊन भक्ष्य मारतात. शिक्रा आणि बाज यांचे शस्त्र म्हणजे पंजे.

मधुबाज: याच्याच ‘मोहोळघार’ या दुसऱ्या नावात घार आहे. तो बाजही नव्हे आणि घारही नव्हे. डोके लहान, कबुतरासारखे. मुख्य आहार मधमाश्या व गांधीलमाश्यांची पोळी. रंगांत कमालीची विविधता असल्याने हा पक्षी गरुड म्हणून सर्वाधिक फसवतो.

गिधाड: आकार फार मोठा, पंख रुंद, टोकाची पिसे बोटांसारखी पसरलेली, शेपटी आखूड. बहुतेक जातींत डोके व मान जवळपास पिसेविरहित.

चुकीच्या ओळखीची किंमत

चुकीचे नाव पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते. मांज्यात अडकलेला ‘गरुड’ वन कर्मचाऱ्यांकडे दिला जातो आणि तो काळी घार निघतो. तेथे फारसे बिघडत नाही. परंतु घरात आणलेल्या कापशीच्या किंवा शिक्र्याच्या पिल्लाला घार समजून तिच्या आहारावर वाढवले, किंवा हिवाळी पाहुण्या भोवत्याला मूळ अधिवासापासून दूर सोडले, तर त्याचे जगणे अवघड होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये शिकारी पक्षी पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. 2022 मध्ये सुधारलेल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या अनुसूचींत जातींची नोंद शास्त्रीय नावांसह आहे. त्यामुळे पंचनाम्यात केवळ ‘बाज’ किंवा ‘ससाणा’ असे लिहिणे अपुरे पडते.

शेतीचा प्रश्नही यात आहे. भातशेतीत पक्ष्यांना बसण्यासाठी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे मचाण रोवण्याचा सल्ला दिला जातो. कापशी, घुबड आणि खरुची त्यावरून उंदीर टिपतात. ज्याला कापशी ही कोंबड्या पळवणारी घार वाटते, तो शेतकरी तिला हुसकावतो. उंदरांसाठी वापरलेले ब्रोमाडायोलोनसारखे विष मेलेल्या किंवा अर्धमेल्या उंदराच्या शरीरात राहते आणि त्याला खाणाऱ्या पक्ष्यापर्यंत पोहोचते. उंदीर मारणारा पक्षी उंदराच्या विषाने मरतो, तेव्हा तोटा शेतकऱ्याचाच असतो.

बातम्यांच्या भाषांतरातही सावधगिरी हवी. ‘काइट’चे मराठी रूप संदर्भ न पाहता ‘पतंग’ होते, प्रत्येक ‘ईगल’ गरुड होतो आणि ‘बझर्ड’ या शब्दाने ब्रिटनमध्ये एक शिकारी पक्षी, तर अमेरिकेत बोलीभाषेत गिधाड सूचित होते. संदर्भासाठी मराठीत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपलब्ध आहे. ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ संघटनेनेही पक्ष्यांची मराठी नावे प्रमाणित करण्याचे काम केले आहे.

प्रमाण नावे आली म्हणून बोलीतील नावे टाकून देण्याचे कारण नाही. ‘पूनै परुंदु’मध्ये चेहऱ्याची, ‘मोहोळघार’मध्ये आहाराची आणि ‘खेमकरी’मध्ये क्षेमाची, म्हणजे कल्याणाची, नोंद आहे. ही पिढ्यान्पिढ्यांची निरीक्षणे आहेत. नोंद करताना मात्र स्थानिक नावाबरोबर ठिकाण, महिना, शेपटीचा आकार आणि शक्य असल्यास शास्त्रीय नाव लिहिले, तर पापनाशमचा ‘करुडन’ आणि रत्नागिरीची ‘ब्राह्मणी घार’ हा एकच पक्षी असल्याचे कळते. जटायू गिधाड होता, हेही तसेच आवर्जून सांगायला हवे. गरुडाच्या नावाने जोडले जाणारे हात गिधाडासाठीही जोडले गेले, तर त्याच्या संवर्धनाला हातभारच लागेल.